साखर, सांडपाणी आणि हिशेब

नीरा डाव्या कालव्याचें पाणी १८८५ च्या सुमारास बारामती-इंदापूरच्या कोरड्या मुलखांत आलें आणि बाजरीच्या रानांत उसाचे फड उभे राहिले. पुढें १९३० नंतरच्या दशकांत इंदापूर तालुक्यांत शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगांतून वालचंदनगर वसलें. स्वातंत्र्यानंतर माळेगांव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथें सहकारी कारखाने निघाले.

कारखाना साखर करतो, एवढेंच आपण जाणतों. परंतु १ टन उसांतून साखर निघते ती साधारण १०० किलो. बाकी राहतें तें चिपाड, मळी, गाळणीवरचा गाळ आणि पाणी. उसांत सुमारें ७० टक्के पाणीच असतें. चिपाड जाळून वाफ व वीज होते, गाळाचें खत होतें, आणि रसांतून उडालेली वाफ निववून तेंच पाणी पुन्हां वापरतां येतें. मग नदीकडून घ्यावें लागणारें पाणी फार थोडें.

अवघड प्रश्न मळीपासून मद्यार्क काढण्याचा. १ लिटर मद्यार्कामागें ८ ते १५ लिटर काळपट, उग्र सांडपाणी उरतें. तें ओढ्यांत सोडल्यास पाण्यांतील प्राणवायु संपून मासे मरतात व कांठच्या विहिरी नासतात. तेंच बंद टाक्यांत कुजविल्यास जळाऊ वायु मिळतो. उरलेलें आटवून भट्टींत जाळतां येतें.

"एवढा खर्च कशाला?" असें कोणी व्यवहारी गृहस्थ विचारील. त्याचें उत्तर व्यवहारांतच आहे. सहकारी कारखान्याचा सभासद हाच मालक, आणि ओढ्याकांठची विहीरहि त्याचीच. कारखान्याच्या वहींत वांचलेला रुपया त्याच्या शेताच्या वहींत दुपटीनें खर्चीं पडतो. शिवाय १९७४ च्या जलप्रदूषण-प्रतिबंधक कायद्याखालीं कारखाना बंद करण्याचा हुकूम निघूं शकतो. ऐन हंगामांत तसें झालें, तर तोडलेला ऊस दिवसागणिक वाळतो. वजन घटतें, साखरहि घटते. म्हणून सांडपाण्याची व्यवस्था हें मागाहून लावावयाचें ठिगळ नव्हे. यंत्रें मागवितांनाच तिचा खर्च भांडवलांत धरावयास हवा.

बारामतीच्या ओढ्यांत सोडलेलें पाणी तेथेंच राहत नाहीं. नीरेवाटें तें नरसिंहपुरास भीमेला मिळतें. आणि भीमा पुढें पंढरपुरास जाते.