अस्थिमज्जारोपणाची पूर्वतयारी
(साकोली येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही वैद्य नाही. आयुष्यभर हाती खडू धरला एवढेच. तरीही आज रक्ताच्या कर्करोगाविषयी बोलण्याचे धाडस करीत आहोत, त्यास कारण आपल्याच समाजातील एका घरी गतवर्षी घडलेला प्रसंग होय.

आपले रक्त हाडांतील मज्जेत निर्माण होते आणि या रोगात तेथेच बिघाड होतो. केवळ औषधांनी रोग हटत नसेल, तर निरोगी मनुष्याच्या मूलपेशी रोग्यास देतात. आपल्या देशात हे कार्य प्रथम १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. परंतु रोपणाहून पूर्वतयारी कठीण. रोवणीपूर्वी आपण बांधीत चिखलणी करून तण गाडतो, तद्वत सुमारे आठवडाभर तीव्र औषधे, क्वचित सर्वांगास किरणे देऊन रोग्याची जुनी मज्जा नष्ट करतात. तत्पूर्वी हृदय, मूत्रपिंडे, इतकेच काय दातही तपासतात. कारण पुढे किडका दातही जिवावर बेततो. केस गळतात, तोंड सोलवटते. नव्या पेशी रुजावयास दोन ते चार आठवडे लागतात. तोवर रोग्याला एकांतात ठेवतात.

पेशी जुळाव्या लागतात. सख्ख्या भावंडाशी त्या पूर्णपणे जुळण्याचा संभव चारांत एक. जात एक म्हणून त्या जुळत नाहीत, हे गोत्रे पाहून सोयरीक करणाऱ्या आपल्या समाजाने ध्यानी घ्यावे.

त्या घरी धाकट्या भावाच्या पेशी जुळल्या. पूर्वतयारीच्या औषधांच्या दोन मात्रांची तुलना तेथे चालली होती; कोणास कोणती, हे जणू चिठ्ठी टाकून ठरावयाचे. संमतिपत्र मराठीत होते, पण लांबलचक. म्हणून ते आमच्याकडे वाचावयास आले. ‘आमच्यावर प्रयोग करणार काय?’ असे मातोश्रींनी विचारले. आम्ही सांगितले की, नाव केव्हाही काढून घेता येते, त्यामुळे उपचार बंद होत नाहीत. आणि प्रयोगामुळे अपाय झाल्यास मोफत उपचार व भरपाई द्यावी, असे २०१९ चे नियम आहेत.

परंतु एक गोष्ट आम्ही तीनदा समजावली. जुनी मज्जा एकदा नष्ट केली की प्रयोगातून नाव काढता येईल, रोपणातून मात्र माघार नाही. त्या वेळी धाकट्याने नकार दिला, तर थोरल्याचे प्राण संकटात येतील.

धाकट्याची सोयरीक ठरली होती. हाड कापतील, मुलगा अधू होईल, असे भावी सासरकडील मंडळी म्हणू लागली. वास्तविक चार-पाच दिवस सुया टोचून पेशी रक्तात उतरवितात व यंत्राने वेगळ्या काढतात. अथवा भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने मज्जा घेतात. हाड कापीत नाहीत, आणि झीज काही आठवड्यांत भरून निघते. डॉक्टरांनी धाकट्यास एकट्यास बसवून त्याची इच्छा विचारली. त्याने आठ दिवस मागितले. तेव्हा आम्हांस राग आला होता. आज वाटते, त्याने योग्य तेच केले. औषधे सुरू झाल्यावर तो डगमगता तर?

नवव्या दिवशी त्याने सही केली. सोयरीकही मोडली नाही.

थोरला घरी परतून चार महिने झाले. भेटीस गर्दी करू नये, सर्दी-पडसे असणाऱ्यांनी तर मुळीच येऊ नये, असा मातोश्रींचा निरोप आहे. तो येथे पोचवून आम्ही आपली रजा घेतो.