पोलादातले तांबे



भंगारातल्या मोटारींबरोबर भट्टीत तांब्याच्या ताराही जातात;
आणि प्राणवायू सोडताच कार्बन, सिलिकॉन जळून निघाले,
तरी तांबे मात्र पोलादात मुक्काम ठोकून राहते.

ते अत्यल्प असले तरी,
तप्त पोलाद लाटताना वरचे लोखंड खपली होऊन गळते,
मागे उरलेले तांबे वितळून कणांच्या सांध्यांत शिरते,
आणि पत्र्याला चिरा पडतात.

म्हणून तांबे मोजण्यासाठी भट्टीतल्या रसाचा मासला थिजवून, त्याचे तोंड घासून,
आरगॉन वायूत त्यावर विजेची ठिणगी पाडतात.

प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशात जणू आपली दस्तुरखुद्द सही करते,
हे 1860 च्या सुमारास हायडेलबर्ग येथे
बुन्सेन आणि किर्खहॉफ यांनी दाखवून दिले होते;
ठिणगीतल्या तांब्याच्या प्रकाशरेषेची प्रखरता प्रमाणित नमुन्यांशी पडताळली,
की तांब्याचे प्रमाण हाती येते.

घासणाऱ्या माणसाची जोखीम मला यंत्राहून मोठी वाटते:
घासपट्टीतल्या ॲल्युमिनाचा कण चिकटून राहिला,
तर यंत्र बिनदिक्कत पोलादात ॲल्युमिनियम अधिक असल्याचा दाखला देते!

पुन्हा सांगतो, तांबे भट्टीत जळत नाही.
ते अधिक निघाले,
तर स्वच्छ लोखंड मिसळून त्याचे प्रमाण उतरवावे,
हीच कारखान्यातली रूढ तजवीज.