ढाक्याची धमकी आणि बंगळूरची कामगार स्त्री

(बंगळूर येथे मराठी भाषिक सभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दोन गरीब देशांच्या राहणीमानाची तुलना हा विषय वरवर पाहता अर्थतज्ज्ञांच्या कोष्टकांतला वाटतो. बंगळूरच्या गारमेंट कारखान्यांत मात्र ही तुलना रोज ऐकू येते. पीण्या, म्हैसूर रस्ता, बोम्मनहळ्ळी, होसूर रस्ता या पट्ट्यात पगारवाढीची मागणी पुढे आली की तयार उत्तर मिळते: मजुरी वाढवली तर ऑर्डर ढाक्याला जाईल. ढाक्याजवळच्या आशुलियात किंवा गाझीपुरात हीच मागणी उठली की तेथील मालक व्हिएतनामचे, इथियोपियाचे आणि भारताचे नाव घेतात. एका देशातील दारिद्र्य दुसऱ्या देशातील कामगारांच्या पाठीवर ओढण्याचा चाबूक म्हणून वापरले जाते, आणि तो दोन्हीकडे ओढणारा हात एकाच प्रकारचा असतो.

म्हणून ही तुलना मालकवर्गाच्या हाती सोडून चालणार नाही. भारत आणि बांगलादेश यांची तुलना कष्टकऱ्यांनी स्वतः केली पाहिजे. तीत कोण पुढे आणि कोण मागे एवढेच विचारून भागणार नाही. कोणी काय साधले, कशाच्या बळावर साधले, आणि जे निर्माण झाले त्यातले निर्माण करणाऱ्यांच्या वाट्याला किती आले, हे विचारले पाहिजे.

एकाच पायरीवरचे दोन देश

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०२५ साली मानव विकास अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील २०२३ सालच्या आकड्यांनुसार १९३ देशांमध्ये भारताचा क्रमांक १३० वा आहे, आणि बांगलादेशचाही १३० वाच. दोघांचा निर्देशांक ०.६८५. या समानतेचा अर्थ समजण्यासाठी दोघांनी सुरुवात कोठून केली ते आठवले पाहिजे.

१९७० च्या नोव्हेंबरमध्ये पूर्व बंगालच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळात लाखो माणसे दगावली. पुढल्याच वर्षी मुक्तियुद्ध झाले आणि सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. १९७४ साली नव्या देशात दुष्काळ पडला. पाश्चात्त्य राज्यकर्त्यांच्या वर्तुळात त्या देशाची ‘तळ नसलेली टोपली’ म्हणून हेटाळणी झाली. त्याच काळात भारताजवळ पोलाद कारखाने होते, धरणे होती, विज्ञानसंस्था होत्या. आणि बंगळूर तर स्वतंत्र भारताच्या औद्योगिक स्वप्नाचे शहर होते.

आज त्याच पीण्या औद्योगिक वसाहतीत इस्रोचे नियंत्रण केंद्र आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हा त्याची सूत्रे या केंद्रातून हलत होती. शास्त्रज्ञांचे हे यश निर्विवाद आहे. पण एवढे मोठे सामर्थ्य असलेला देश राहणीमानाच्या यादीत बांगलादेशच्या शेजारी उभा राहतो, तेव्हा प्रश्न सामर्थ्याचा उरत नाही. ते सामर्थ्य कोणाच्या कामी आले, हा प्रश्न उरतो.

काही आकडे वेगवेगळे तपासू. १९९० च्या सुमारास दोन्ही देशांत सरासरी आयुर्मान साठीच्या आतच होते. आज ते बांगलादेशात सुमारे ७४ वर्षे आणि भारतात सुमारे ७२ वर्षे आहे. भारताच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. बांगलादेशच्या २०२२ च्या पाहणीत हे प्रमाण २४ टक्के होते. त्याच पाहण्यांनुसार पाचवा वाढदिवस न पाहणारी बालके भारतात हजारी सुमारे ४२, तर बांगलादेशात ३१ होती. भारताच्या २०११ च्या जनगणनेत जवळजवळ निम्म्या कुटुंबांना उघड्यावर शौचास जावे लागत होते. बांगलादेशात हे प्रमाण तोवर दहा टक्क्यांच्या आत आले होते.

थोडक्या पैशात काय साधले

हे यश राष्ट्रीय उत्पन्न वाढल्यामुळे आले, असे म्हणता येत नाही. दरडोई उत्पन्नात बांगलादेश दीर्घकाळ भारताच्या मागे होता. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात याच विसंगतीकडे लक्ष वेधले.

अतिसाराचे उदाहरण घ्या. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे देण्याची पद्धत तेथे मोठ्या प्रमाणावर वापरली. छावणीतील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासवरून ४ टक्क्यांखाली आले. या शोधामागे ढाक्यातील पटकी संशोधनशाळेचे काम होते आणि त्याची कसोटी भारताच्या भूमीवर लागली. पुढे १९८० ते १९९० या दशकात बांगलादेशात ‘ब्रॅक’ संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या आणि त्यांनी सव्वा कोटीच्या आसपास कुटुंबांतील बायकांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांचे प्रमाण शिकवले. त्यासाठी मोठी रुग्णालये लागली नाहीत. गावात जाणारी स्त्री, तिला मिळालेले प्रशिक्षण आणि तिच्या शब्दाला लाभलेला मान एवढ्यावर हे काम उभे राहिले.

दुसरे उदाहरण औषधांचे. १९८२ साली डॉ. जफरुल्ला चौधुरी यांच्यासारख्यांच्या आग्रहातून बांगलादेशात राष्ट्रीय औषध धोरण आले. निरुपयोगी व अपायकारक औषधांवर बंदी आली, आवश्यक औषधांची यादी ठरली, परदेशी कंपन्यांच्या विरोधाला न जुमानता देशी उत्पादनाला वाव मिळाला. तिसरे उदाहरण शिक्षणाचे. १९९४ पासून ग्रामीण भागातील माध्यमिक शाळांत मुलींसाठी शिष्यवृत्ती देशभर लागू झाली, आणि मुलींची हजेरी मुलांच्या बरोबरीने, पुढे त्यांच्याहून अधिक झाली. १९७० च्या दशकात एका स्त्रीमागे सरासरी सहाहून अधिक मुले होती; २०११ पर्यंत हे प्रमाण २.३ वर आले.

पण चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे हे अभ्यासाला शोभणारे नाही. अठराच्या आत लग्न होणाऱ्या मुलींचे प्रमाण बांगलादेशात आजही निम्म्याच्या आसपास आहे. भारताच्या २०१९-२१ च्या पाहणीत ते २३ टक्के होते. आरोग्यावरील खर्चाचा दोन-तृतीयांशाहून मोठा वाटा तेथील कुटुंबांना स्वतःच्या खिशातून करावा लागतो. शासनाने सोडलेली जागा अनेक ठिकाणी देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांनी आणि सूक्ष्मकर्जाने भरली आहे. अशी सोय हक्काची जागा घेऊ शकत नाही.

गिरणीकडून गारमेंटकडे

आता बंगळूरकडे वळू. हे शहर एके काळी संघटित कामगारांचे होते. इंडियन टेलिफोन, हिंदुस्थान मशिन टूल्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स, हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सार्वजनिक कारखान्यांच्या सुमारे सव्वा लाख कामगारांनी १९८०-८१ साली ७७ दिवसांचा संप केला. बिन्नी, मिनर्व्हा, राजा या कापडगिरण्यांतही पिढ्यान्पिढ्या कामगार होते. मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा १९८२ चा संप आणि त्यानंतर गिरणगावाची झालेली वाताहत मराठी कामगाराला सांगण्याची गरज नाही. लोअर परळला जे घडले तेच मल्लेश्वरमला घडले: राजा मिलच्या जागी मॉल उभा राहिला.

गिरण्या मोडल्या तरी कापड शिवणारे हात नाहीसे झाले नाहीत. मात्र ते आता स्त्रियांचे झाले. बंगळूरच्या गारमेंट कारखान्यांत काम करणाऱ्या लाखो कामगारांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. आधी रामनगर, मंड्या, तुमकूरच्या खेड्यांतल्या, आणि अलीकडे ओडिशा, झारखंडमधून आणून वसतिगृहांत ठेवलेल्या मुली. तासागणिक टार्गेट, ते चुकले की सुपरवायझरची शिवीगाळ, आणि चाळिशीच्या आत कामातून बाद होणारे शरीर, हे या धंद्याचे नित्याचे रूप आहे.

बांगलादेशची कथा याच्या जोडीने घडली. १९७४ च्या बहुतंतू करारान्वये श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटे बांधले. कोटा भरलेल्या दक्षिण कोरियाच्या कंपन्या नवी ठिकाणे शोधू लागल्या. १९७९ साली ‘देश गारमेंट्स’च्या १३० जणांना दाएवू कंपनीने पुसान येथे प्रशिक्षण दिले. तेथून वाढलेल्या या धंद्यात आज सुमारे ४० लाख कामगार आहेत, आणि त्या देशाच्या निर्यातीचा चार-पंचमांशाहून अधिक भाग त्यांच्या श्रमाचा आहे. ऑर्डर केवळ स्वस्त मजुरीमागे धावते हा दावा येथेच उघडा पडतो. ती कोट्यामागे, आयातशुल्कामागे आणि व्यापारी राजकारणामागेही धावते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के आणि बांगलादेशी मालावर २० टक्के अतिरिक्त शुल्क लादले. त्या निर्णयात ना बंगळूरच्या कामगार स्त्रीच्या पगाराचा संबंध होता, ना ढाक्याच्या.

मजुरी कशी वाढते

बांगलादेशात गारमेंट कामगारांचे किमान वेतन १९९४ साली दरमहा ९३० टाका ठरले आणि बारा वर्षे तेथेच गोठले. २००६ मध्ये ते १,६६२ टाका ५० पैसे, २०१० मध्ये ३,०००, २०१३ मध्ये ५,३००, २०१८ मध्ये ८,००० आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये १२,५०० टाका झाले. शेवटची रक्कम त्या वेळच्या दराने सुमारे ९,४०० रुपये होते. कामगार संघटनांची मागणी २३,००० टाक्यांची होती, आणि त्या आंदोलनात किमान चार कामगारांना प्राण गमवावे लागले. यातली कोणतीही वाढ ऑर्डरी आल्या म्हणून आपसूक झाली नाही. रस्त्यावर आलेल्या कामगारांनी ती मिळवली.

२०१३ ची वाढ तर मृतांच्या साक्षीने झाली. २४ एप्रिल २०१३ रोजी सावार येथील आठमजली राणा प्लाझा कोसळला आणि १,१३४ माणसे मेली. आदल्या दिवशी इमारतीला तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवली गेली. शिलाई कामगारांना मात्र आत जाण्यास भाग पाडले गेले. त्यानंतर परदेशी कंपन्यांना कामगार संघटनांशी कायद्याने बांधील असा सुरक्षा करार करावा लागला आणि सुमारे १,६०० कारखान्यांची तपासणी त्याच्या कक्षेत आली. ‘सक्ती केली तर व्यापार पळून जाईल’ ही भीती खोटी ठरली. धंदा टिकला, वाढलाही. भारतातील गारमेंट कारखान्यांना मात्र या कराराचे छत्र मिळालेले नाही.

भारतातही धडा हाच आहे. २०१६ साली केंद्र सरकारने प्रॉव्हिडंट फंडातील मालकाचा हिस्सा ५८ वर्षे वयापर्यंत काढता येणार नाही असा नियम केला. पन्नाशीपर्यंतही जिला कारखाना ठेवून घेत नाही, तिच्यासाठी हा नियम म्हणजे तिच्याच कमाईला लावलेले कुलूप होते. १८ एप्रिलला होसूर रस्त्यावर आणि दुसऱ्या दिवशी शहराच्या इतर भागांत हजारो कामगार स्त्रिया कोणत्याही मोठ्या संघटनेची हाक नसताना रस्त्यावर उतरल्या. १९ एप्रिलला सरकारने माघार घेतली. याच शहरात २०२० साली महागाई भत्त्याची सुमारे ४१७ रुपयांची मासिक वाढ लांबणीवर टाकण्यात आली, आणि हायकोर्टाच्या स्थगितीनंतरही ती पदरात पडायला दीर्घ झगडा करावा लागला. दोन दिवसांत केंद्र सरकारला नमवणारी ही शक्ती टिकाऊ संघटनेत बांधलेली नव्हती, हे त्याचे कारण आहे.

आकडे आणि लोकशाही

बांगलादेशच्या प्रगतीचे गोडवे गाणाऱ्यांनी २०२४ चा पावसाळा विसरू नये. नोकऱ्यांतील आरक्षणाच्या प्रश्नावरून विद्यार्थ्यांनी आंदोलन सुरू केले, शासनाने गोळ्या चालवल्या, आणि ५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना यांना देश सोडावा लागला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या अंदाजानुसार या काळात १,४०० पर्यंत माणसे मारली गेली असावीत. अर्थव्यवस्था वाढत असतानाही शिकलेल्या तरुणाला काम नव्हते आणि विरोधकाला आवाज नव्हता. भारतातील राज्यकर्त्यांनीही यातून शिकण्यासारखे आहे.

या तुलनेचा आणखी एक, अतिशय विषारी वापर होतो. १८ व १९ जानेवारी २०२० रोजी बंगळूरच्या करियम्मन अग्रहार भागातील कष्टकऱ्यांच्या झोपड्या ‘बांगलादेशी घुसखोर’ म्हणून पाडल्या गेल्या. तेथे राहणारे अनेकजण उत्तर कर्नाटकातील आणि ईशान्येकडच्या राज्यांतील भारतीय नागरिक होते. प्रकरण हायकोर्टात गेले आणि पोलिसांच्या कारवाईवर ताशेरे ओढले गेले. ज्या देशाचे नाव कारखान्यात प्रतिस्पर्धी म्हणून घेतले जाते, तेच वस्तीत शत्रू म्हणून घेतले जाते. एका ठिकाणी त्यामुळे मजुरी दबते, दुसऱ्या ठिकाणी डोक्यावरचे छप्पर जाते.

पुढील काम

तेव्हा निष्कर्ष स्पष्ट आहेत. बांगलादेशकडून गावोगाव जाणाऱ्या स्त्री आरोग्यसेविकेचे महत्त्व शिकण्यासारखे आहे. भारतातील आशा आणि अंगणवाडी सेविका अजूनही मानधनावर राबतात. त्यांना कामगाराचा दर्जा आणि वेतन मिळवून देणे हा राहणीमान सुधारण्याचाच मार्ग आहे. राणा प्लाझानंतरच्या करारासारखा बंधनकारक करार भारतातील कारखान्यांसाठी मागितला पाहिजे. किमान वेतनाची मागणी दोन्ही देशांतील संघटनांनी एकमेकींना कळवून, शक्य तेथे एकाच वेळी पुढे रेटली पाहिजे. ढाक्यात मजुरी वाढते तेव्हा बंगळूरच्या मालकाच्या हातातली धमकी तेवढी दुबळी होते.

पुढच्या वेळी कारखान्याच्या दारात ‘ऑर्डर ढाक्याला जाईल’ असे सांगितले गेले, तर कामगारांनी तेथे २०२३ साली ठरलेल्या वेतनाचा आकडा पाठ ठेवून उत्तर द्यावे, आणि ढाक्याच्या कामगारांनी बंगळूरचा. त्यासाठी हे आकडे युनियनच्या फलकावर, सोप्या भाषेत आणि कन्नड, ओडिया, हिंदी या कामगारांच्या भाषांत लागले पाहिजेत. मराठी भाषिक सभासद ज्या ज्या औद्योगिक शहरात आहेत तेथे त्यांनी हे काम आपल्या शाखेपासून सुरू करावे.