अ‍ॅव्हरेज विचारू नका, लिटर मोजा

(देवळी येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाची खरेदी आहे, कर्ज आहे, विजेची बिले आहेत. ते सगळे होईलच. त्याआधी आम्ही थोडा वेळ मागून घेतला आहे, तो बाहेर झाडाखाली उभ्या असलेल्या गाड्यांविषयी बोलायला. आत येताना आम्ही त्या मोजल्या. चारचाकी अकरा. माणसे तुम्हीच मोजा. आर्वीकडून दोन गाड्या आल्या, दोन्हीत मिळून पाच जण. हिंगणघाटच्या जीपमध्ये एक ड्रायव्हर आणि एक कार्यकर्ता. हसू नका, मागच्या बैठकीपर्यंत आम्हीही असेच येत होतो.

आमची जीप जुनी आहे. डिझेलची, मजबूत, काळ्या मातीच्या चिखलातून बाहेर निघणारी. आम्ही तिघा भावांत ती घेतली तेव्हा डिझेलवर सरकारचे नियंत्रण होते. ऑक्टोबर 2014 मध्ये ते उठले. जून 2017 पासून तर भाव रोज ठरू लागला. आपल्या कापसाचाही रोज ठरतो म्हणा, फरक एवढाच की पंपवाल्याला तो कमी करून माग, असे म्हणता येत नाही.

यंदा आम्ही एक वही घातली. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरून किती लिटर बसले ते लिहायचे. जीप लिटरला 10 किलोमीटर देते असे निघाले. आम्ही आजवर चारचौघांत 13 सांगत आलो होतो! वर्षाला सहा हजार किलोमीटर, म्हणजे 600 लिटर. लिटर 90 रुपये धरले तर 54 हजार. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये होता. तो पदरात पडला असे धरले तरी साडेसहा क्विंटलच्या वर कापूस नुसता धुरात गेला. कोरडवाहू रानात तेवढ्याला एक एकर तरी लागतो. त्या एकराचे बियाणे, फवारा, वेचाई, सगळे करून आम्ही वर्षभर जीप पाजली.

हे पाहिल्यावर घरातल्या पोराने म्हटले, नवी गाडी घेऊ, चांगले अ‍ॅव्हरेज देणारी. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली तेव्हापासून आपल्याकडे गाडीची पहिली चौकशी तीच, किती देते? प्रश्न चांगला आहे, पण त्यात एक फसगत आहे.

लिटरला 50 देणारी मोटारसायकल काढून 70 देणारी घेतली, तर वाटते, वीसने वाढले, मोठी कमाई झाली. सहा हजार किलोमीटरला 120 लिटरऐवजी 86 लागतील. वाचले 34 लिटर. आता 10 देणारी जीप जाऊन 15 देणारी आली. वाढ फक्त पाचाची. पण 600 लिटरचे 400 झाले. वाचले 200 लिटर! म्हणून लिटरला किती किलोमीटर हे विचारू नका, वर्षाला किती लिटर लागतात ते विचारा. ज्याच्या दारात सगळ्यात खादाड गाडी, त्याची बचत सगळ्यात मोठी. मोटारसायकलवाल्याने फार डोके खाजवायचे कारण नाही.

गाडीच्या कागदावर जो आकडा असतो त्याचेही ऐका. तो पुण्याच्या टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत निघतो. गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या वेगाने चाके फिरवतात. तिथे देवळीचे खड्डे नाहीत, कॅरिअरवर बांधलेली पोती नाहीत, आणि आजवर ती चाचणी एसी बंद ठेवूनच होत आली. दोन गाड्यांची तुलना करायला आकडा कामाचा आहे, घरचा हिशेब करायला नाही. कागदावर 23 असेल तर आम्ही 18 धरतो.

आता पोराचा हिशेब. 18 देणारी पेट्रोलची लहान गाडी. सहा हजार किलोमीटरला 333 लिटर, लिटरला 105 धरले तर 35 हजार. जीपच्या 54 हजारांतून वजा करा. वाचले 19 हजार. छान. गाडीला पाच लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी. पहिल्या वर्षाचे नुसते व्याज 45 हजार! डिझेलचे एकोणीस वाचवायला बँकेला पंचेचाळीस. शोरूममधला माणूस ही वजाबाकी करून दाखवत नाही, त्याचे ते कामही नाही. तुमची गाडी वर्षाला तीस हजार किलोमीटर धावत असेल, भाड्याने जात असेल, तर हाच हिशेब उलटतो. बचत 95 हजारांवर जाते, मग घ्या, बिनघोर घ्या. आमच्यासारख्याने घेऊ नये. घरात आठ दिवस अबोला होता, ते असो.

मग आम्ही काय केले? जीप विकली नाही. ती मालासाठी आणि पावसाळ्यासाठी ठेवली. एकट्या-दुकट्याने वर्ध्याला जायचे तर मोटारसायकल. आम्हाला ती 60 देते. जाऊन-येऊन छत्तीसेक किलोमीटर, म्हणजे सहा दशांश लिटर. 63 रुपये. जीपला त्याच फेरीला सव्वातीनशे. 2024 मध्ये बजाजने सीएनजीवर चालणारी मोटारसायकलही काढली. ज्या घराण्याची पेढी वर्ध्यात होती, त्यांचीच ती. सीएनजीचा पंप जवळ असेल तर तीही पाहून ठेवा, लांब असेल तर पंपापर्यंतच्या फेऱ्यांत सगळी बचत जाईल. त्याच 2024 च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली, देवळीला स्टेशन झाले. तिच्या वेळेत काम बसत असेल तर गाडी काढूच नका.

ट्रॅक्टरवाल्यांनी रागावू नये. युरियाची दोन पोती आणायला ट्रॉली जोडून वर्ध्याला जाणारे आमच्याच गावात आहेत. रस्त्यावर तासाला तीन-चार लिटर, जाऊन-येऊन दोन तास. सहा-सात लिटर, म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपये. पोत्याचा भाव 266 रुपये 50 पैसे. ट्रॅक्टर काढायचा तर चार घरांची पोती एकदम आणा.

वेगाचेही सांगतो. समृद्धी झाल्यापासून तरुण पोरे 120 ने जातात. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो, आणि तो कापायला पेट्रोलच जळते. पुलगाव काय, नागपूर काय, साठ-सत्तरने गेले तरी सभा आपल्यासाठी थांबतेच, ती कधी वेळेवर सुरू झाली आहे?

कोणी विचारेल, पेट्रोलमध्ये इथेनॉल घातल्यापासून गाडी कमी देते ते खरे का? खरे आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश शक्ती कमी. 2025 पर्यंत देशभर वीस टक्के मिसळ झाली. त्यासाठी न बनलेल्या चारचाकीचे अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच होते. इथेनॉल उसाचे, मक्याचे, म्हणजे आपल्याच मालाचे, म्हणून आपण त्याच्या बाजूचे. पण आपल्या बाजूचे आहे म्हणून वहीतला आकडा वाढवून लिहायचा नाही.

पुढच्या बैठकीचे आम्ही सुचवतो ते असे. आर्वी, आष्टी, कारंजा यांनी एक गाडी करावी. हिंगणघाट आणि समुद्रपूर यांनी एक. सेलू आणि वर्धा रेल्वेने किंवा एसटीने येतील. डिझेलचा खर्च माणशी वाटून घ्यावा आणि गाडीवाल्याला तिथल्या तिथे द्यावा, उधारी नको. आणि येताना आपापली वही आणावी. आमची ही इथे टेबलावर ठेवली आहे, पाने उलटून पाहायला हरकत नाही, फक्त चहाचा कप तिच्यावर ठेवू नका.