ट्रॉलीत बसण्याआधी



दसरा झाला की बीड जिल्ह्यात गावोगाव एकच लगबग सुरू होते. गोधड्या धुणं, दळणं आणणं, मिरची कुटणं, कोयत्यांना धार लावणं. मग ट्रक-ट्रॅक्टर येतात आणि पाच-सहा महिन्यांचा संसार ट्रॉलीत चढतो. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी पार कर्नाटकात. तवा, परात, हंडा यातलं काय न्यायचं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. आज बोलायचंय ते बोचक्यात न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल. त्या इथंच राहून गेल्या तर तिकडं फार महाग पडतात.

पहिली गोष्ट हिशेबाची. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. म्हणजे अर्धा कोयता तुमचा. पण उचल किती घेतली, हे किती जणींना ठाऊक असतं? आपण एक हिशेब करून बघू. समजा १ लाख रुपये उचल घेतली आणि टनाला ३५० रुपये मिळतात. ती फिटायला सुमारे २८६ टन ऊस तोडावा लागेल. दोघांनी मिळून दिवसाला २ टन तोडला, तर झाले १४३ दिवस. हंगाम दीडशे दिवस चालला तर आठवडाभराचीच कमाई हातात उरते. आणि पाऊस कमी, ऊस कमी, म्हणून १२० दिवसांतच पट्टा पडला तर? कमाई झाली ८४ हजार, आणि १६ हजार अंगावर राहिले. शिवाय आठवड्याची खर्ची आणि खाडे यात धरलेलेच नाहीत.

म्हणून निघण्याआधी शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर लिहा : उचल किती, कोणत्या तारखेला, दर काय, खाड्याला किती कापणार, मागची बाकी किती. पुढं रोजचा ऊस आणि घेतलेली खर्ची लिहीत जा. वाढं विकून आलेले पैसेही लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून लिहून घ्या. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती तुमच्या हिशेबात धरली का, हे मुकादमाला निघण्याआधी विचारा. ट्रॉली हलल्यावर विचारून उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट, कागद. रेशनकार्डातल्या सगळ्यांची आधार जोडणी झाली आहे का, ते दुकानात बघून घ्या. जोडलेलं असलं की राज्यात किंवा कर्नाटकातही कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. घरी राहिलेली सासू तिच्या वाट्याचं गावात घेऊ शकते, तुम्ही तुमच्या वाट्याचं तिकडं. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र घ्या, नवऱ्याचं आणि तुमचं वेगवेगळं. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. कोपीत दव पडतं, पाणी शिरतं.

तिसरी गोष्ट लेकरांची. आजी-आजोबा गावात असतील तर शाळेतल्या हंगामी वसतिगृहाबद्दल मुख्याध्यापकांना विचारा. तशी मागणी पालकांनी लवकर केली पाहिजे. लेकरू बरोबर नेणार असाल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवलं की तिकडच्या शाळेत बसता येतं आणि परत आल्यावर वर्ग बुडत नाही. तान्ह्याचं आणि गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड विसरू नका. लस कोणत्याही सरकारी केंद्रात फुकट मिळते, फक्त कोणती झाली आणि कोणती राहिली हे त्या कार्डावरून कळतं. आणि वयात आलेली लेक मागं एकटी कशी ठेवायची, या धास्तीनं अठराच्या आत तिचं लग्न उरकू नका. मावशीकडे, वसतिगृहात, गटातल्या मैत्रिणीकडे सोय लावता येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तुमचं शरीर. पहाटे अंधारात उठायचं, दिवसभर वाकून तोडायचं, डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढायचं. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, कारण खाडा पडतो. त्या खाड्याच्या भीतीपायी काय होतं, ते सरकारी पाहणीत दिसलं आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे सहातली एक. अंगावर पांढरं जाणं किंवा पोटात दुखणं यावर बहुतेक वेळा गोळ्यांनी उपचार होतो. त्यासाठी लगेच पिशवी काढायची नसते. कमी वयात ऑपरेशन झालं, त्यात अंडाशयही काढलं गेलं, तर पाळी जाण्याचे त्रास लवकर सुरू होतात आणि हाडं ठिसूळ होतात. कोणी "काढून टाका" म्हटलं तर सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

निघण्याआधी आठवडाभर आशाताईंना गाठा. रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल, तर लोहाच्या गोळ्या सांगतील तेवढ्या बरोबर घ्या. पाळीचे सुती कपडे जास्तीचे घ्या, आणि आडोशासाठी जुनी साडी व सुतळी.

कोपीसाठी दोन सूचना. चूल बाहेर मांडा, वाऱ्याची दिशा बघून. पाचटाला ठिणगी पुरते. रात्री बॅटरीशिवाय पाय टाकू नका. साप चावला तर घट्ट बांधू नका, चिरू नका. हात-पाय हलू न देता माणसाला सरकारी दवाखान्यात न्या. १०८ वर फोन लावला की गाडी येते.

बचत गटाच्या बायांनो, निघण्याआधी एक बैठक घ्या. जाणाऱ्या प्रत्येकीच्या वहीचं पहिलं पान गटाच्या रजिस्टरात उतरवून ठेवा. वही भिजली, हरवली, तरी गावात एक नोंद राहील. एकटीनं हिशेब मागितला की बोलणी बसतात. दहा जणींच्या रजिस्टरात तो लिहिलेला असला की मुकादमही आकडे जपून सांगतो.

सुखरूप जा, आणि पट्टा पडल्यावर वही घेऊन परत या.