कुलूपबंद विद्यापीठातली माणसं



करोनाच्या महासाथीविषयी आपण पुष्कळ ऐकलं आहे. डॉक्टर, परिचारिका, पोलीस, सफाई कामगार यांच्याविषयी बोललं गेलं, ते योग्यच होतं. विद्यार्थ्यांच्या नुकसानीचीही चर्चा झाली. पण त्या विद्यार्थ्यांना शिकवणारी, त्यांच्या परीक्षा घेणारी, वसतिगृहाचं पाणी आणि वीज चालू ठेवणारी माणसं विद्यापीठात असतात. त्यांच्या प्रकृतीचं त्या काळात काय झालं, हा विषय फारसा निघालाच नाही. मी तेव्हा एका विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. मार्च २०२० पासून जवळजवळ दोन वर्षं ही माणसं माझ्याकडे येत होती, नाहीतर फोन करत होती. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

पहिल्यांदा एक गैरसमज बाजूला करू. ‘विद्यापीठ बंद आणि पगार चालू, मग यांना कसला त्रास?’ असं त्या वेळी सर्रास म्हटलं जायचं. मार्च २०२० च्या मध्याला वर्ग बंद झाले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली, हे खरं. पण विद्यापीठाला नुसतं कुलूप लावून घरी जाता येत नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांना रोज खायला घालावं लागतं. जिवाणूंची संवर्धनं जपावी लागतात. गावी जाऊ न शकलेली मुलं वसतिगृहात होती, त्यांची खानावळ चालवावी लागत होती. आमच्याकडचे एक प्रयोगशाळा परिचर टाळेबंदीत रोज सायकलवरून येत. नाक्यावर पोलिसांना उंदरांची गोष्ट पटवून द्यायला त्यांना रोज दहा मिनिटं लागायची.

घशापासून मानेपर्यंत

प्राध्यापकांच्या तक्रारी सुरुवातीला साध्या वाटायच्या. घसा बसला, मान आखडली, डोळे चुरचुरतात. त्यामागची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. वर्गात शिकवणारा माणूस चालतो, वळतो, फळ्यावर लिहितो, मुलांच्या चेहऱ्याकडे पाहून आवाज कमी-जास्त करतो. पडद्यासमोर चेहरेच नव्हते, नुसते काळे चौकोन होते. समोरून प्रतिसाद आला नाही की माणूस नकळत आवाज चढवतो. ‘ऐकू येतंय ना?’ हा प्रश्न एका तासात किती वेळा विचारला गेला, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पडद्याकडे टक लावून पाहताना आपली पापणी नेहमीपेक्षा कमी वेळा मिटते, म्हणून डोळे कोरडे पडतात. जेवणाच्या टेबलावर संगणक ठेवून चार-चार तास बसलं की मानेनं तक्रार करायचीच.

यावरचे उपाय सोपे आहेत आणि ते आजही उपयोगी पडतील. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर येईल असं बघा. खाली चार जाड पुस्तकं ठेवली तरी भागतं. तास संपला की उठून चाला. पाणी जवळ ठेवा, आणि आवाज बसला असेल तर कुजबुजत बोलू नका, त्यानं घशावर ताण वाढतो. त्यापेक्षा थोडा वेळ मौन बरं.

पण हे उपाय सांगताना मला एक अडचण जाणवायची. एका प्राध्यापक बाईंना मी म्हटलं, दोन तासांच्या मध्ये थोडी विश्रांती घ्या. त्या म्हणाल्या, ‘त्या मधल्या वेळात कुकर लावते, मुलाचा वर्ग सुरू करून देते आणि सासूबाईंना इन्सुलिन टोचते.’ घरकामाच्या बाई येणं बंद झालं होतं. त्या दिवसांत मोबाइलवर एक संदेश फार फिरत होता : १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद पडलं, न्यूटन घरी गेला आणि त्या काळात त्यानं गणितातलं आणि प्रकाशशास्त्रातलं मोठं काम केलं, तुम्हीही वेळेचा सदुपयोग करा! न्यूटन तेव्हा विशीतला, नुकताच पदवी घेतलेला, अविवाहित तरुण होता. त्याला ऑनलाइन तास घ्यायचे नव्हते, की कुकर लावायचा नव्हता. असे संदेश वाचून आपण कमी पडतो आहोत अशी खंत बाळगणारे अध्यापक मी पाहिले. त्यांना गोळीची गरज नव्हती. ‘तुम्ही करताय ते पुरेसं आहे’ एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं.

परीक्षा विभागातली धडधड

सर्वांत जास्त मानसिक ताण मला दिसला तो परीक्षा विभागात. जून २०२० मध्ये राज्य सरकारनं अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचा निर्णय केला. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सुधारित सूचना आल्या की परीक्षा घ्यायचीच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २८ ऑगस्टला निकाल लागला : परीक्षेशिवाय पदवी नाही. मग ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या विद्यापीठांनी, बहुतांशी ऑनलाइन, या परीक्षा घेतल्या. धोरण कोणतं योग्य होतं, हा माझा विषय नाही. पण उद्या काय करायचं आहे हे माहीत नसणं, आणि तरीही सगळी तयारी करत राहणं, याचा शरीरावर परिणाम होतो. झोप उडते, पित्त वाढतं, रक्तदाब आणि साखर आटोक्याबाहेर जाते.

परीक्षा विभागातले एक कनिष्ठ लिपिक छातीत धडधड होते म्हणून आले. ईसीजी व्यवस्थित होता. बोलता बोलता कळलं की त्यांचा खासगी मोबाइल क्रमांक विद्यार्थ्यांच्या गटांवर फिरला होता. लॉगिन होत नाही, वीज गेली, पेपर अर्धाच जमा झाला, असे फोन रात्री एक वाजेपर्यंत यायचे. फोन करणारी मुलं रडत असायची, त्यामुळे बंद करवत नव्हता. त्यांना मी औषधापेक्षा एक व्यवस्था सुचवली आणि त्यांच्या वरिष्ठांनी ती मान्य केली : कार्यालयाचा एकच क्रमांक आणि तो पाळीपाळीनं चौघांकडे. पंधरा दिवसांत धडधड कमी झाली.

न मिळालेली रजा

मात्र सर्वांत मोठा धोका ज्यांना होता, ते आमच्याकडे येतच नव्हते. विद्यापीठात कायम नोकरीतला कर्मचारी असतो, तसा कंत्राटदारामार्फत आलेला रखवालदार, सफाई कामगार आणि माळीही असतो. तासिका तत्त्वावरचा अध्यापक असतो. तास झाला तर मानधन, नाही तर नाही. नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली माणसं त्या काळात शेतमजुरीला गेली, भाजीची गाडी लावून बसली, हे वृत्तपत्रांतून आपण वाचलं आहे.

फाटकावरच्या एका रखवालदाराला मी तापमापक लावला, तर १०१ ताप. तीन दिवसांपासून पॅरासिटामॉल घेऊन तो कामावर येत होता आणि येणाऱ्या प्रत्येकाचं तापमान स्वतःच मोजत होता! ‘घरी राहिलो तर खाडा पडतो, डॉक्टर,’ तो म्हणाला. त्याला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे. पण आजारपण लपवावं लागेल अशी व्यवस्था आपण केली, तर साथ फाटकावरच आत शिरणार. मुखपट्टी, सॅनिटायझर, प्राणवायूची पातळी मोजण्याचं यंत्र, हे सगळं हवंच. पण पगारी रजा हेही साथ रोखण्याचं साधन आहे, हे मी त्या दिवशी आमच्या बैठकीत मांडलं. त्याला चौदा दिवसांचा पगार मिळाला, पण तो कर्मचाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेला. नियम काही बदलला नाही.

मग २०२१ चा एप्रिल आला. महाराष्ट्रात एका दिवसात साठ हजारांहून अधिक रुग्ण सापडत होते. ४५ वर्षांवरील सर्वांसाठी लस १ एप्रिलला खुली झाली होती, तरुण कर्मचाऱ्यांची पाळी १ मेनंतरची. अलिगड मुस्लिम विद्यापीठात काही आठवड्यांत सेवेतले पंधरा-सोळा अध्यापक गेले. कुलगुरू तारिक मन्सूर यांनी परिसरातल्या विषाणूची जनुकीय तपासणी करावी, असं पत्र भारतीय वैद्यक संशोधन परिषदेला लिहिलं. आमच्याकडेही सहकाऱ्यांच्या बातम्या मोबाइलवरच येत. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे शब्द इतक्या वेळा दिसू लागले की काहींनी विभागाचा गट उघडणंच सोडलं. खांद्यावर हात ठेवता येत नव्हता, दारावर जाता येत नव्हतं. पडद्यावरची शोकसभा संपली की दहा मिनिटांनी त्याच पडद्यावर तास सुरू व्हायचा. २० ऑक्टोबर २०२१ ला महाविद्यालयं पुन्हा उघडली, तेव्हा काहीजण पहिल्यांदाच रडले. शेजारच्या टेबलाची खुर्ची रिकामी दिसल्यावर. आजारातून उठलेल्या काहींना दुसऱ्या मजल्यावर चढताना धाप लागायची, शिकवताना ओळखीचा शब्द आठवायचा नाही. त्यांना आळशी ठरवू नका, हे विभागप्रमुखांना समजावणं हेही तेव्हा माझं काम होऊन बसलं.

जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ ला करोनाची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. काही चांगल्या गोष्टी त्या काळातून उरल्या. शिक्षण मंत्रालयाचा ‘मनोदर्पण’ हा उपक्रम जुलै २०२० मध्ये विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांसाठीही सुरू झाला. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, मन जड झालं तर कुणीही तो क्रमांक फिरवावा. पण समुपदेशनानं खाडा भरून निघत नाही. पुढची साथ केव्हा येईल ते सांगता येणार नाही. ती येण्याआधी प्रत्येक विद्यापीठानं तीन गोष्टी कागदावर आणाव्यात : कंत्राटी माणसासह प्रत्येकाला आजारपणाची पगारी रजा, कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याची मुभा, आणि साथीच्या काळात सूचना देणारी एकच जबाबदार व्यक्ती. यातल्या दोन गोष्टींना फारसा खर्चही नाही.

आपल्यापैकी जे विद्यापीठात किंवा महाविद्यालयात काम करतात, त्यांना एक विनंती आहे. उद्या सोमवारी आत जाताना फाटकावरच्या रखवालदाराला, आजारी पडल्यावर त्याला किती दिवसांची पगारी रजा मिळते, तेवढं विचारा. आणि तो जे सांगेल ते पुढच्या बैठकीत मांडा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)