तिसरी पेटी : मतदार, तिसरा पक्ष आणि व्यापारधोरण



अमेरिकेतील मतदार, तेथील तिसरे पक्ष आणि व्यापारधोरण या विषयावर बोलावे, अशी चालकांची इच्छा आहे. विषय मोठा आहे आणि दूरचाही आहे. पण दूरच्या गावाला जायचे तरी निघावे लागते ते आपल्याच अंगणातून. म्हणून मी वॉशिंग्टनला जाणार आहे तो भंडाऱ्यावरून.

गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला १९९९ साली. त्यापूर्वी आपण भंडारा जिल्ह्यात होतो, आणि १९५६ पर्यंत तो जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा लोकसभेचा दोन जागांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले. निकालाला आव्हान दिले गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. त्याचा निकाल १५ फेब्रुवारी १९५४ रोजी लागला.

त्या खटल्यात दोन मुद्दे होते. जसानी हे विड्या तयार करणाऱ्या एका पेढीचे भागीदार होते आणि सैनिकांच्या कँटीनसाठी केंद्र सरकार त्या पेढीच्या विड्या विकत घेत असे. सरकारला माल पुरवण्याच्या करारात ज्याचा हितसंबंध आहे त्याला सभागृहात बसता येणार नाही, असा तेव्हाचा कायदा होता. दुसरा मुद्दा गंगाराम ठवरे यांचा. ते जन्माने महार. पुढे महानुभाव पंथात गेले, म्हणून राखीव जागेसाठी त्यांचा अर्ज नाकारण्यात आला होता. पंथ बदलला तरी ते महारच राहिले, सबब अर्ज नाकारणे चूक होते, असे न्यायालयाने ठरवले. दोन्ही मुद्द्यांवर निवडणूक टिकली नाही, आणि मे १९५४ मध्ये पोटनिवडणूक झाली.

या खटल्याची आठवण मी मुद्दाम देतो. व्यापार आणि प्रतिनिधित्व यांची गाठ आपल्या जिल्ह्याला पुस्तकातून शिकावी लागली नाही. तेंदूच्या पानात गुंडाळलेल्या तंबाखूने ती पहिल्याच निवडणुकीत शिकवली.

त्या पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, आणि सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. समोर काँग्रेस होती. तिच्यापुढे हे दोन्ही पक्ष लहान होते. कोणी दुसरा म्हणा, कोणी तिसरा म्हणा. निकाल लागला तेव्हा मेहता निवडून आले होते आणि बाबासाहेब पडले होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर त्यांच्यापेक्षा आठ हजारांवर मतांनी पुढे होते. ज्याने राज्यघटना घडवली त्याला ज्या जिल्ह्याने लोकसभेत पाठवले नाही, तो जिल्हा आपला आहे.

पण त्या निवडणुकीतली एक गोष्ट यशापयशाहून मोठी आहे. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. दोन जागांच्या मतदारसंघात मतदाराला दोन मते असत आणि ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. तेव्हा काही कार्यकर्त्यांनी हिशोब मांडला की, आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे, म्हणजे त्याचा फायदा दुसऱ्या कोणाला होणार नाही. चरित्रकार सांगतात की बाबासाहेबांनी याला नकार दिला. पराभव पत्करीन, पण मत वाया घालवा असे सांगणार नाही, ही त्यांची भूमिका होती.

आता आजचा प्रश्न याच जागी उभा करू. मत वाया जाते म्हणजे नेमके काय होते? आपल्याकडे दर निवडणुकीत ऐकू येते, "अहो, तो काही निवडून येत नाही, त्याला मत देऊन वाया कशाला घालवता?" हे वाक्य चहाच्या टपरीवर जितके प्रचलित आहे तितकेच अमेरिकेतही आहे. तिथल्या अनुभवाकडे पाहू.

अमेरिकेत दीडशे वर्षांहून अधिक काळ दोनच पक्ष आलटून पालटून राज्य करीत आले आहेत. तिसऱ्याला जागा मिळत नाही, कारण पद्धतच तशी आहे. बहुतेक सर्व राज्यांत ज्याला सर्वांत जास्त मते, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक. १९९२ साली रॉस पेरो नावाचा टेक्ससचा धनाढ्य उद्योगपती अध्यक्षपदासाठी अपक्ष उभा राहिला. त्याला सुमारे १९ टक्के मते पडली, म्हणजे जवळजवळ दोन कोटी माणसांनी त्याला निवडले. आणि ५३८ निर्वाचकांपैकी त्याला किती मिळाले? एकही नाही. वाया गेलेल्या मताचे याहून मोठे उदाहरण शोधून सापडणार नाही.

पण पेरो बोलत काय होता ते ऐका. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यात मुक्त व्यापाराचा करार होऊ घातला होता. अध्यक्ष बुश यांना तो हवा होता, आणि प्रतिस्पर्धी क्लिंटन यांचाही काही अटींवर त्याला पाठिंबा होता. दोन्ही मोठे पक्ष एका बाजूला. कारखाने मेक्सिकोला जातील आणि आमची कामे जातील, असे ज्या कामगाराला वाटत होते त्याने जायचे कुठे? तो तिसऱ्या पेटीकडे गेला. पेरो पडला, क्लिंटन निवडून आले, आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये करार प्रतिनिधिगृहात २३४ विरुद्ध २०० मतांनी मंजूर झाला. मात्र त्या वेळी क्लिंटन यांच्या स्वतःच्या पक्षाच्या १५६ सभासदांनी विरोधात मत दिले आणि १०२ जणांनी बाजूने. अध्यक्षाचाच पक्ष मधोमध फुटला होता.

येथे एक मर्म आहे. व्यापारधोरण हा असा प्रश्न आहे की तो पक्षापक्षांच्या मधून जात नाही, प्रत्येक पक्षाच्या आतून जातो. विकणारा आणि विकत घेणारा, दोघेही प्रत्येक पक्षात असतात. म्हणून मोठा पक्ष या प्रश्नावर शक्यतो मौन पाळतो. जो प्रश्न मोठ्यांच्या घरात मांडता येत नाही, तो तिसऱ्याच्या ओसरीवर येऊन बसतो.

आणि तो तिथेच बसून राहत नाही. १८९२ साली तिथल्या शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षाला दहा लाखांवर मते आणि २२ निर्वाचक मिळाले होते. तो पक्ष काही वर्षांत विरला. पण त्याने मागितलेला आयकर आणि सिनेटची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी १९१३ मध्ये घटनेत गेल्या. पेरोचा प्रश्नही मेला नाही. २०१६ मध्ये तोच प्रश्न उचलून ट्रम्प हे एका मोठ्या पक्षातर्फेच अध्यक्ष झाले. जुना करार जाऊन २०२० मध्ये नवा आला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क बसले, तेव्हा १९९२ च्या त्या वाया गेलेल्या मतांची झळ सुरतेच्या हिऱ्यांपर्यंत आणि तिरुप्पूरच्या कपड्यांपर्यंत येऊन पोहोचली. तिसऱ्याचे मत पेटीत मरते, पण त्यातला प्रश्न जिवंत राहतो. तो पुढे कोणाच्या हाती लागेल आणि त्याचे काय होईल, हे मात्र मत देणाऱ्याच्या हाती उरत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी तिसऱ्या पक्षाचा प्रचारक ठरेन. २००० साली फ्लॉरिडा राज्यात बुश यांनी गोर यांना ५३७ मतांनी मागे टाकले आणि त्यावर देशाचे अध्यक्षपद ठरले. त्याच राज्यात राल्फ नेडर या तिसऱ्या उमेदवाराला ९७ हजारांवर मते होती. त्यांतल्या अनेकांना बुश नकोच होते. तिसरी पेटी फुकट नसते. तिची किंमत कधी कधी आपल्या दुसऱ्या पसंतीच्या माणसाला मोजावी लागते.

आता घरी परत येऊ. आपला जिल्हा धानाचा. मालगुजारांनी बांधलेल्या तलावांच्या पाण्यावर बांधीत पिकलेले धान गिरण्यांत भरडायचे आणि तांदूळ बाहेर पाठवायचा, हा इथला प्रपंच. भारत हा जगातला सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार देश आहे. त्या व्यापाराचे दार सप्टेंबर २०२२ पासून एकेक करून लोटले गेले. आधी कनकीची निर्यात बंद झाली. २० जुलै २०२३ रोजी बासमती सोडून अन्य पांढऱ्या तांदळाची बंद झाली. ऑगस्टमध्ये उसना तांदळावर २० टक्के निर्यातशुल्क बसले. शहरातल्या माणसाला तांदूळ महाग पडू नये हा हेतू होता, आणि तो हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. ज्याच्या घरी धान पिकत नाही, जो विड्या वळून पोट भरतो, त्यालाही तांदूळ स्वस्तच हवा. पण स्वस्ताईचा भार कोणी उचलला हे विचारायला नको काय?

१९ एप्रिल २०२४ रोजी भंडारा-गोंदियाचा मतदार लोकसभेसाठी रांगेत उभा होता तेव्हा ही बंदी चालू होती. प्रचारात हेक्टरी बोनस होता, आधारभूत किंमत होती, रखडलेले चुकारे होते, जातीपातीची गणिते तर होतीच. निर्यातबंदी मात्र प्रचाराच्या मध्यभागी आली नाही. त्याच निवडणुकीत नाशिककडे कांद्याची निर्यातबंदी हा मोठा प्रश्न होऊन बसला होता. कांद्याची बंदी ४ मे २०२४ रोजी, तिकडच्या मतदानापूर्वी, उठली. तांदळाची उठली २८ सप्टेंबरला. मी तारखा पुढे ठेवतो, अर्थ आपण लावा.

कांद्याचा प्रश्न एका दिवसात मोठा झालेला नाही. १९८० मध्ये चाकणला शरद जोशी यांनी कांद्यासाठी आंदोलन उभे केले, तेव्हापासून शेतमालाच्या बाजाराला घातलेले बांध काढा, हे शेतकरी संघटनेने गावोगाव सांगितले. १९९४ मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. त्या पक्षाला जागा बोटांवर मोजण्याइतक्याच मिळाल्या. गंमत पाहा, अमेरिकेतला तिसरा म्हणत होता दार लावा, आणि आपला तिसरा म्हणत होता दार उघडा. दोघेही पडले. पण आज निर्यातबंदी झाली की कोणत्याही पक्षाच्या आमदाराला कांदा उत्पादकापुढे उत्तर द्यावे लागते, ही त्या पडलेल्यांची कमाई आहे. धानाला असा वाली मिळाला नाही.

आपल्या भागातला मतदार तिसऱ्या पेटीला भितो असे म्हणावे तर तसेही नाही. २००९ मध्ये या लोकसभा मतदारसंघात नाना पटोले अपक्ष उभे राहून दोन लाखांवर मते घेऊन दुसरे आले. २०१४ मध्ये तेच भारतीय जनता पक्षातर्फे निवडून आले. २०१९ मध्ये गोंदिया विधानसभेत विनोद अग्रवाल अपक्ष म्हणून २७ हजारांवर मतांनी जिंकले. २०२४ मध्ये तेही भाजपतर्फे आले. पक्षाने तिसऱ्याला आत घेणे, हे अमेरिकेतही घडते आणि इथेही. दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. प्रश्न एवढाच आहे की, माणूस आत गेला तेव्हा त्याच्याबरोबर आपला कोणता प्रश्न आत गेला? आपण त्याच्या हाती काही दिले होते काय?

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. एक, कोणता प्रश्न कोणाला विचारायचा हे ओळखा. बोनस राज्याचा विषय आहे, पण परदेशाशी व्यापार घटनेने केंद्राकडे दिला आहे. निर्यातबंदी ही संसदेत मत घेऊनही होत नाही, विदेश व्यापार महासंचालनालयाच्या एका अधिसूचनेने होते. तेव्हा खासदार होऊ पाहणाऱ्याला विचारा की, अशी अधिसूचना निघाली तर आपण काय कराल. दोन, हे पहिल्यालाही विचारा आणि दुसऱ्यालाही. दोघेही मुके राहिले तरच तिसऱ्याकडे वळण्याचे कारण उरते. आणि तीन, तिसऱ्याला मत द्यायचे तर प्रश्नासाठी द्या आणि तो प्रश्न बोलून दाखवा. रागाने दिलेले मुके मत मोजले जाते, पण ते काय म्हणत होते हे कोणालाच कळत नाही.

धान येते दिवाळीच्या सुमारास, आणि निवडणूक येते पाच वर्षांनी. पण अधिसूचना कोणत्याही दिवशी येऊ शकते. ती आल्यावर जागे होण्यापेक्षा आधी विचारून ठेवलेले बरे, इतकेच मला सुचवायचे होते.